नकाशा परत कावून गेला

६ नोव्हेंबर, बुधवार

आज समितीची माझी पहिली बैठक. घरातून निघताना उगाच दोन साड्या बदलल्या. नवरोबा चंदन म्हणाला, "नकाशे पाहाले जाऊन राहिली का लग्नाले?"

काम असं आहे. खुर्सीपारचा बाजाराचा रस्ता रुंद झाला, त्यात एका बाजूच्या घरादुकानांची पुढची खोली गेली. मोबदला मिळाला, पाडापाडी झाली, आता लोकांना नवीन पुढचा भाग बांधायचा आहे. रस्ता नीट दिसावा म्हणून प्रत्येक नकाशा आधी पालिकेच्या आमच्या रचना समितीकडे येतो. समितीत पाच जण. बाहेरची आर्किटेक्ट म्हणून मला घेतलं. अध्यक्ष दौलतराव ठवरे, इथल्या स्टील प्लांटच्या सिव्हिल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे. नकाशा हातभर लांब धरतात, चष्म्यावरून बघतात आणि बाजूला ठेवतात.

आज सात नकाशे आले, सातही परत गेले. शेरे असे: "शोभत नाही." "आजूबाजूशी मेळ नाही." "पुन्हा विचार व्हावा." एकाला निळ्या टाइल्स होत्या, तो मी परत पाठवला. फार बोचत होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, बरं वाटलं.

बाहेर पडताना एका बाईंनी अडवलं. रुक्मा नाव, पिठाची चक्की चालवतात. "मॅडम, तिसऱ्या डाव परत आला. शोभत नाही म्हंजे मी काय करू जी?" मी म्हटलं, जरा विचार करून पुन्हा द्या. स्कूटीवर बसल्यावर वाटलं, कशाचा विचार?

९ नोव्हेंबर

राहवलं नाही म्हणून खुर्सीपारला जाऊन आले.

रुक्माबाईंची पुढची भिंत पडली, तिथे ताडपत्रीचं तिरपाल बांधलंय. आधी पुढे चक्की होती आणि मागे झोपायची खोली. आता चक्की झोपायच्या खोलीत आणि खाट तिच्या मागे. मुलगी समृद्धी बीएस्सीला आहे. एका साडीचा पडदा करून त्याच्याआड ती अभ्यास करते. ट्रक गेला की तिरपाल फडफडतं आणि रस्त्याची धूळ पिठात येते. गिऱ्हाईक दळण दुसरीकडे नेऊ लागलंय.

"पहिला नक्शा परत आला तवा सांगितलं, लई साधा हाय. मंग नक्षी टाकली. तं म्हणे, लई भडक हाय. मंग नक्षी काढली अन् रंग बदलवला. तं म्हणे, शोभत नाही," रुक्माबाई म्हणाल्या. "तुमी पाच जण एकदा आपसात बोलून घ्या ना!"

चहा दिला. रागातच दिला, पण दिला.

२१ नोव्हेंबर

बैठकीत मी विषय काढला. आपल्याला काय हवं ते आधी लिहून काढू, चित्रांसकट छापू आणि लोकांना देऊ. नकाशा काढण्याआधीच त्यांना कळेल की आपण काय बघणार. परत पाठवायचा झाला तर कोणत्या मुद्द्यावर, तेही सांगता येईल.

ठवरे साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नूतनताई, चांगलं घर कागदावर लिहिता येत नाही. ते डोळ्याले समजते. नियम लिहिले का लोक नियमापुरतंच बांधतेत. मंग साऱ्या रस्त्याभर एकच घर दिसन."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या डोळ्याला समजतं. पण रुक्माबाईंना तुमचा डोळा कुठून मिळणार?"

मला वाटलं, आता मलाच समितीतून काढतील. साहेब चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "लिहा. पण एक अट. ज्या ओळीचं कारण तुमाले सांगता येत नाही, ते ओळ ठेवायची नाही."

सरळ नाही म्हणता येत नाही म्हणून अशी अट घातली. मी थकून सोडून देईन असं त्यांना वाटतंय. बघूच.

४ डिसेंबर

पहिला मसुदा दिला होता, आज परत मिळाला. मी जीव ओतून लिहिला होता. खिडक्यांचा आकार, कठड्याची उंची, दरवाजाची लाकडी चौकट, भिंतीला फक्त बदामी किंवा विटकरी रंग. पानापानावर समासात ठवरे साहेबांच्या पेन्सिलीने एकच शब्द: "कावून?" "कावून?" "कावून?" म्हणजे का? रंगापुढे तर दोनदा.

शेवटच्या पानावर खुर्सीपारच्या चारपाच जणांची नावं आणि फोन नंबर लिहून ठेवलेत. ते कशासाठी, कळलं नाही. बहुतेक त्यांच्या तक्रारीही माझ्याच गळ्यात मारायच्या असतील.

घरी येऊन मसुदा टेबलावर आपटला. चंदन रेल्वेत सिग्नल खात्यात आहे. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, "आमचा लाल सिग्नल लाल कावून हाय, ते मले सांगता येते. दुरून दिसते म्हणून. तुझा विटकरी कावून विटकरी हाय?"

"चांगला दिसतो म्हणून."

"कोणाले?"

मी पानं त्याच्या हातातून काढून घेतली आणि जेवायला वाढलं.

१५ डिसेंबर, रविवार

त्या नावांना फोन केले. म्हटलं, तक्रारीच ऐकायच्या असतील तर एकदाच ऐकू. दुर्गा पंडालच्या रिकाम्या जागेत सतरंजी टाकली आणि चारपाचांऐवजी निम्मा रस्ता आला.

मला वाटलं होतं, लोक रंग आणि खिडक्यांविषयी बोलतील. त्यावर एकही जण बोलला नाही. सगळी दुकानं पश्चिमेला तोंड करून आहेत. दुपारनंतर ऊन सरळ आत शिरतं, मिठाईवाल्याची बर्फी वितळते, कपड्यांचे रंग उडतात. चष्मेवाल्याच्या पायऱ्या फुटपाथवर येतात, म्हणून लोक रस्त्यावर उतरतात. मिठाईवाल्याचा बोर्ड चष्मेवाल्याची वरची खिडकी झाकतो. त्यावरून दोघांची तिथेच जुंपली. समृद्धीने मधे पडून दोघांना बसवलं. "अंकल, पहले मॅडम को लिखने तो दो!"

मी भराभर लिहीत होते. वर पाहिलं तर ठवरे साहेब मागे विजेच्या खांबाला टेकून उभे. कधी आले कोण जाणे. माझी फजिती बघायला आले असतील. मी ओळख दाखवण्याआधीच निघून गेले.

८ जानेवारी

झालं! चाळीस मुद्दे होते, नऊ उरले.

प्रत्येक मुद्द्याखाली त्याचं कारण आणि शेजारी हाताने काढलेलं चित्र. दुकानापुढे एका उंचीचा छज्जा, म्हणजे रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावलीतून जाता यावं. सगळ्यांच्या पुढच्या भिंती एका सरळ रेषेत, म्हणजे चालणाऱ्याला कुठेही रस्त्यावर उतरावं लागू नये. पायऱ्या आपल्या हद्दीत. बोर्ड छज्जा आणि वरच्या खिडकीच्या मधल्या पट्ट्यातच, म्हणजे कोणाची खिडकी झाकू नये. आणि असेच बाकीचे.

रंगावर एकही मुद्दा नाही. तो काढताना दात उपटल्यासारखं वाटलं, पण कारण सापडेना.

समितीने मान्य केलं. ठवरे साहेबांनी सगळं वाचलं आणि सही करून टाकली. वाद घालून कंटाळले असावेत. बाजारात मराठी वाचणारे थोडेच, म्हणून पुस्तिका हिंदीत छापायची ठरली.

२२ जानेवारी

आज बैठकीत मजा आली, हे लिहायलाच हवं. पुस्तिका वाटल्यानंतरची पहिलीच बैठक. लोक आत आले तेच पुस्तिका उघडून, चित्रावर बोट ठेवून. "ये देखिए, छज्जा बराबर है. सीढ़ी अंदर है." आमचे सदस्यही "मला आवडत नाही" म्हणायला तोंड उघडत आणि मधेच थांबत. कारण समोरचा लगेच विचारे, "कौन से नंबर में लिखा है?"

चष्मेवाल्याचा नकाशा परत गेला, पायऱ्या अजून बाहेर होत्या. तो भांडला नाही. तिथेच बाकावर बसून ड्राफ्ट्समनला फोन लावला आणि आतून दोन पायऱ्या कशा घ्यायच्या ते ठरवूनच उठला.

निळ्या टाइल्सवाला पुन्हा आला, त्याच टाइल्स घेऊन. मला त्या अजूनही आवडत नाहीत. पास केल्या.

५ फेब्रुवारी

आज कडक व्हावं लागलं.

रुक्माबाईंचा नवीन नकाशा आला. अभिनव नावाच्या तरुण ड्राफ्ट्समनने काढलाय. छज्जा, बोर्ड, पायऱ्या, सगळं ठीक. पण चक्कीची पुढची भिंत त्याने रेषेपासून चांगली पाच फूट आत घेतलीय. दुसरा मुद्दा सरळ सरळ मोडलाय. सगळ्यांच्या भिंती रेषेत आणि मधेच एक खाच!

अभिनव म्हणाला, "मॅडम, भिंत मागं घ्याले कारण हाय. चक्कीवर लोक थांबतेत..."

मी त्याला मधेच थांबवलं. एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील. नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे, नाहीतर आपण पुन्हा पहिल्या जागी. बाकीच्या सदस्यांनाही ते पटलं.

रुक्माबाई पुस्तिका हातात धरून उभ्या होत्या. "पहिले समजत नव्हतं का नक्शा कावून परत येते. आता समजते," म्हणाल्या. "पण पटत नाही." समृद्धीने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं.

मी शेरा लिहायला पेन उचललं तर ठवरे साहेब म्हणाले, "आज लिहू नका. पुढची बैठक त्यांच्या दारात घेऊ. संध्याकाळी, चक्की चालू असते तवा."

त्यांना माझे नियम पहिल्यापासून मोडीत काढायचेच होते, आता संधी मिळाली. बैठकीला हो म्हटलं, पण नियमावर ठाम राहिले. वाईट वाटतं, सगळ्यात जास्त ती बाई थांबलीय. पण न्याय म्हणजे हेच.

९ फेब्रुवारी

चंदनला सगळं सांगितलं. तो हसला आणि कढीत पुन्हा भात कालवू लागला. कावून हसला ते विचारलं तर म्हणे, "काही नाही."

१९ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवते.

आम्ही पाचही जण संध्याकाळी रुक्माबाईंच्या दारात उभे होतो, अभिनवही आला होता. प्लांटची पाळी सुटलेली. सायकली, रिक्षा, डबे लटकवलेल्या बाया, रस्ता भरून वाहत होता. चक्की सुरू होती, पट्ट्याचा आवाज इतका की एकमेकांच्या कानात बोलावं लागत होतं. दळणाला पंधरावीस माणसं आली असतील. ती उभी राहणार कुठे? तिरपालापुढे फुटपाथवरच. डबे खाली, पोती खाली, मुलं पोत्यांवर.

दोन्ही बाजूंनी येणारे लोक तिथे पोचले की रस्त्यावर उतरत, दहा पावलं रस्त्यावरून चालत आणि पुन्हा वर चढत. आधी मला ते दिसलंच नाही, मी टेप घेऊन रेषा मोजत होते.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. पोत्यांपाशी थांबली, वाट नाही असं बघून खाली उतरली, आणि जामुलकडून येणारी बस जोरात हॉर्न देत आली. अभिनव धावला. त्याने तिला दोन्ही दंडांना धरून वर ओढलं आणि बस अंगाला वारा लावून गेली. काठी मात्र चाकाखाली मोडली.

रुक्माबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि म्हातारीला आत खाटेवर बसवलं. "हे रोजचंच हाय," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "भिंत आत घेऊ द्या म्हणत होती, म्हंजे लोक तेथी थांबतीन."

ठवरे साहेबांनी खिशातून पुस्तिका काढली. माझीच, कोपरे दुमडलेली. दुसऱ्या मुद्द्याखालचं कारण मोठ्याने वाचलं, चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून. "चलने वाले को कहीं भी सड़क पर उतरना न पड़े." मग मला विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"चांगलं लिहिलं हाय. आता मले सांगा, भिंत रेषेवर ठेवली तं हे वाक्य या घरापुढं खरं राहाते का?"

समृद्धी बघत होती, अभिनव बघत होता. मी टेप गुंडाळत म्हणाले, "नाही राहत. भिंत मागे जाऊ दे. पण छज्जा रेषेवरच राहील, सावली तुटायला नको."

"मंग तेच लिहा," साहेब म्हणाले. "आवडलं म्हणून पास केलं, असं लिहू नका. बाईची दया आली असंही नको. ज्या दुकानात लोक थांबतेत त्याची भिंत मागं जाईन, छज्जा जाग्यावर राहीन, अन् ते कावून, असं सारं लिहा. म्हंजे उद्या डोसावाला आला, दवाखानावाला आला, तं त्याले आपल्या दारात उभं राहून भांडा लागणार नाही."

रुक्माबाईंनी धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग सोमवारपासून मिस्त्री लावू का?"

"लावा," मी म्हणाले.

परत येताना साहेबांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "साहेब, तुम्ही पहिल्यापासून याच्या विरोधात होतात, म्हणून मला वाटलं..."

"मी विरोध कवा केला?" ते खरंच चकित झाले. "मी तं फक्त कावून विचारत होतो. आमी नोकरीत होतो तवा आमाले कोणी विचारलं नाही. रांगाच्या रांगा क्वार्टर बांधले, साऱ्यायचे दरवाजे एका दिशेले. उन्हाळ्यात सावलीले बाया कोठी बसतीन हे मले रिटायर झाल्यावर समजलं."

रिक्षा गेली.

२० फेब्रुवारी

दहावा मुद्दा लिहिला. सकाळी चारदा खोडला. कारण आधी लिहिलं आणि मुद्दा नंतर, मग जमला.

अभिनवला फोन करून त्या दिवशी मधे तोडल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, चलता है." नाही चलत, पण त्याने म्हटलं.

२७ मार्च

रुक्माबाईंचा स्लॅब टाकून झाला. मला बोलावलं होतं, शिरा होता. तिरपाल घडी करून कोपऱ्यात ठेवलंय. समृद्धीला मागे खिडकीची खोली मिळणार. तिची परीक्षा अगदी तोंडावर आहे आणि खोलीला अजून प्लास्टर नाही, तरी ती विटांच्या भिंतीला टेकून तिथेच वाचत बसते.

११ मे, रविवार

भर दुपारी ठवरे साहेबांचा फोन. "नूतनताई, रस्ता पाहाले चला." म्हटलं, एवढ्या उन्हात? ते म्हणाले, "मंग केव्हा पाहा लागते?"

उत्तरेच्या टोकापासून निघालो. डांबर पायाखाली मऊ झालं होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आणि छज्ज्याखाली माणसं चालत होती. सावली कुठे अरुंद, कुठे रुंद, पण होती. साहेबांनी भीती घातली होती, पण एकासारखी दुसरी इमारत नाही. कुठे जाळी, कुठे लाकडी पट्ट्या, मिठाईवाल्याकडे गुलाबी कमान. निळ्या टाइल्सही होत्या. सावलीत त्या मला थंड वाटल्या, पण हे मी कोणाला सांगणार नाही. फक्त इथे.

सगळं काही जुळलेलं नाही. एका घरात दोन भावांचा वाद आहे, तिथे काहीच बांधलेलं नाही. तिथली आठदहा पावलं आम्ही डोक्यावर हात धरून अक्षरशः पळालो. एका बोर्डाने खिडकी झाकलेली दिसली, त्याचा फोटो काढला. साहेब म्हणाले, "एकदम सारं सुधरत नसते. लिहून ठेवा."

चक्कीपाशी भिंत आत गेलेली आणि त्या खाचेत कडाप्प्याचा बाक. डबे घेऊन पाचसहा बाया निवांत बसल्या होत्या. त्यांच्या पुढून लोक न थांबता जात होते, कोणाचं लक्षही नव्हतं. रुक्माबाईंनी आतूनच हात हलवला. दळण जोरात सुरू होतं.

रस्त्याच्या पलीकडून कोणी हाक मारली. गोलू साहू, सायकलीच्या दुकानाचा मालक, चाळिशीचा, हातात ट्यूब. पलीकडची बाजू रुंदीकरणात आलीच नव्हती, तिथे सगळं जुनंच आहे.

"मैडम, हमर डाहर कब होही?" म्हणजे आमच्या बाजूचं कधी.

मी सांगायला लागले की तुमच्या बाजूला ऊन सकाळचं, पावसाचा मारा वेगळा, ही पुस्तिका जशीच्या तशी चालणार नाही, आणि तुमच्यासाठी अजून काही आदेशच नाही.

"तो हमारे लिए अलग लिखो ना," तो म्हणाला. "हम लोग तो यहीं हैं."

मी साहेबांकडे पाहिलं. ते केव्हाच रस्ता ओलांडून पलीकडे पोचले होते आणि गोलूच्या दुकानातल्या उलट्या टायरवर रुमाल टाकून बसतही होते. मीही गेले. पर्समध्ये वही नव्हती, म्हणून गोलूने सायकलीच्या पार्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला.

"पहले ये बताओ," मी विचारलं, "दुकान के सामने सबसे ज्यादा दिक्कत किस बात की है?"

तो सांगू लागला. ते ऐकून शेजारचा टेलर बाहेर आला आणि म्हणाला, नाही नाही, खरी अडचण ती नाहीच.